चीनच्या झाडात सापडलेलं कॅन्सरचं औषध आंबोलीच्या जंगलातही निघालं, आणि नरक्याचे वाईट दिवस सुरू झाले

चंदनाची तस्करी आपल्याला जुनीच आहे. ‘पुष्पा’ आला आणि रक्तचंदनही घराघरात पोचलं. पण सह्याद्रीत एक झाड असं आहे ज्याच्या लाकडाची धड खुर्ची होत नाही, ज्याला सुगंध नाही, उलट ते फुलावर आलं की माणूस नाक दाबून पुढे सरकतो. तरीही या झाडाच्या ढलप्यांनी भरलेली पोती वन खात्याच्या कारवाईत सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. कधी सिंधुदुर्गातून, कधी घाटावर चंदगड, राधानगरीच्या बाजूने.

झाडाचं नाव नरक्या.

नाव फुलांच्या वासामुळे पडलं. फुलं छोटी, पिवळसर पांढरी, दिसायला चांगली. पण वास असा की ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याला दोष देता येत नाही. झाडही फार मोठं नाही, सात-आठ मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. पिकलेलं फळ जांभळट, लांबून पाहणाऱ्याला जांभळाची आठवण करून देणारं. आंबोलीचा पाऊस, तिथलं धुकं, सदाहरित आणि निमसदाहरित जंगलाची सावली, हे त्याचं घर.

शास्त्रीय नाव नॉथापोडायटिस निमोनियाना. यातलं ‘निमोनियाना’ ऐकून न्यूमोनिया आठवत असेल तर थांबा, त्याचा काही संबंध नाही. जॉन ग्रॅहम नावाच्या गृहस्थाने मुंबई परिसरातल्या वनस्पतींची एक यादी केली होती. ती १८३९ मध्ये छापली गेली, पण ती पूर्ण व्हायच्या आत ग्रॅहम गेला आणि उरलेलं काम जोसेफ निमो याने पूर्ण केलं. त्या निमोचं नाव या झाडाला आहे. जुन्या पुस्तकांत आणि व्यापारात हेच झाड ‘मॅपिया फीटिडा’ म्हणून येतं. फीटिडा म्हणजे दुर्गंधी. साहेबालाही वास आलाच होता.

म्हणजे निदान १८३९ पासून हे झाड शास्त्राला माहीत आहे, आणि गावाला त्याच्याही आधीपासून. मग त्याच्यामागे माणसं लागली ती कधी आणि का?

गोष्ट सुरू होते चीनमध्ये

दक्षिण चीनमध्ये ‘शी शू’ नावाचं झाड आहे. अर्थ लावायचा तर आनंदाचं झाड. तिकडच्या लोकवैद्यकात त्याची साल, फळं आणि इतर भाग वापरले जात. अमेरिकेच्या कृषी खात्याने या झाडाची रोपं आपल्याकडे लावली होती. १९५० च्या दशकात मनरो वॉल हा रसायनशास्त्रज्ञ त्या खात्यात काम करायचा, आणि कॉर्टिसोन बनवायला कच्चा माल कोणत्या वनस्पतीत मिळेल ते शोधण्यासाठी हजारो वनस्पतींचे नमुने तपासत होता. त्यातलेच काही नमुने कॅन्सरविरोधी चाचणीला गेले आणि शी शूचा नमुना त्यात चमकला.

पुढे वॉल नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेला. तिथे १९६२ मध्ये त्याला एक सहकारी मिळाला, मनसुख वाणी. जन्म नंदुरबारचा, १९२५ चा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एमएससी, काही काळ मुंबईत प्राध्यापकी, मग इंडियाना विद्यापीठातून पीएचडी. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शी शूच्या लाकडातून आणि सालीतून एक रेणू वेगळा केला आणि १९६६ मध्ये त्याची रचना जगासमोर मांडली. त्या रेणूचं नाव कॅम्पटोथेसिन.

याच जोडीने १९७१ मध्ये पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचनाही उलगडली. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरवर आज जगभर दिलं जाणारं पॅक्लिटॅक्सेल ते हेच. दोन सालींतून दोन औषधं, आणि दोन्हींमागे नंदुरबारला जन्मलेला माणूस. वाणी २०२० मध्ये गेले, कोरोनाच्या पहिल्या लाटेत सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे असताना. आपल्याकडे त्यांच्यावर जेवढं लिहून यायला हवं होतं तेवढं आलं नाही, असं माझं मत आहे.

इथे एक गैरसमज आधीच बाजूला काढू. ‘चिनी वैद्यांना हजारो वर्षांपासून कॅन्सरचं औषध माहीत होतं’ असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. शी शू तिकडच्या लोकवैद्यकात होतं हे खरं. पण कॅम्पटोथेसिन सापडलं ते त्या परंपरेचा धागा धरून नाही. कॉर्टिसोनसाठी जमवलेल्या नमुन्यांच्या ढिगातून ते हाती लागलं. परंपरेचं श्रेय परंपरेला द्यावं, पण जे तिचं आहे तेवढंच.

गोरेगावच्या प्रयोगशाळेत काय निघालं?

शी शूची अडचण अशी की खोडात आणि सालीत औषध फारच कमी. त्यामुळे दुसरं कुठलं झाड हाच रेणू बनवतं का, याचा शोध सुरू झाला.

उत्तर मुंबईतून आलं. गोरेगावला तेव्हा सिबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं. तिथले टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की मॅपिया फीटिडा, म्हणजेच आपल्या नरक्यात, कॅम्पटोथेसिन आहे. आणि चिनी झाडाच्या खोडात मिळत होतं त्याच्या कितीतरी पट जास्त आहे. झाडाप्रमाणे आणि जागेप्रमाणे प्रमाण बदलतं, पण वाळलेल्या लाकडा-सालीत ०.३ टक्क्यांपर्यंतच्या नोंदी नेहमीच्या आहेत. मुळांत अनेकदा त्याहूनही जास्त.

०.३ टक्के म्हणजे किती? एक किलो वाळलेल्या मालातून, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी, तीन ग्रॅम. एक किलो शुद्ध कॅम्पटोथेसिन हवं असेल तर तीनशे किलोहून जास्त वाळका माल. प्रत्यक्षात काढताना बरंच वाया जातं, सगळी झाडं सारखी नसतात, म्हणजे आकडा आणखी वर. नरक्याच्या वाट्याला पुढे जे आलं ते सगळं या हिशोबात आहे.

पण १९७२ मध्ये लगेच काही घडलं नाही. कारण अमेरिकेत माणसांवर सुरू झालेल्या चाचण्या तोवर अडखळल्या होत्या. औषधाने रुग्णांच्या रक्तातल्या पेशी कमी होत, तीव्र जुलाब लागत, मूत्राशयातून रक्त जाई. चाचण्या थांबवाव्या लागल्या आणि कॅम्पटोथेसिन दहा-बारा वर्षं बासनात गेलं.

ते पुन्हा बाहेर आलं १९८५ मध्ये, जेव्हा हे औषध नेमकं काय करतं ते कळलं. मालवणच्या किनाऱ्यावर काथ्याचा सुंभ ज्यांनी वळला आहे त्यांना हे पटकन समजेल. दोन पदरांचा सुंभ मधूनच उलगडायला लागलात तर पुढे पीळ साठत जातो, आणि एका टप्प्यावर सुंभ गाठ मारून बसतो. पेशी दुभंगताना डीएनएचं तेच होतं. तो पीळ सोडवायला पेशीत एक एन्झाइम असतं. ते एक पदर कापतं, पीळ सोडवतं आणि पदर पुन्हा जोडून टाकतं. कॅम्पटोथेसिन नेमकं जोडण्याच्या वेळी मध्ये पाचर मारतं. पदर तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते. ज्या पेशी भराभर दुभंगतात, म्हणजे कॅन्सरच्या, त्यांना हा फटका जास्त बसतो. पण रक्त तयार करणाऱ्या आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशीही भराभर दुभंगणाऱ्याच. म्हणून तो रक्ताचा आणि जुलाबाचा त्रास.

यंत्रणा कळल्यावर रेणूत बदल करून तो माणसाला झेपेल असा करता आला. टोपोटेकान आणि इरिनोटेकान अशी दोन औषधं आली, दोन्हींना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. टोपोटेकान बीजांडकोशाच्या कॅन्सरसाठी, इरिनोटेकान मोठ्या आतड्याच्या. इरिनोटेकान आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आणि गेल्या काही वर्षांत जी नवी, महागडी, थेट कॅन्सरच्या पेशीला गाठणारी औषधं आली आहेत, त्यातल्या काहींच्या टोकाला लावलेलं विष याच कुळातलं आहे. स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान हे त्यातलं गाजलेलं नाव.

मालवणातला एखादा रुग्ण बांबोळीला किंवा मुंबईला टाटात केमो घेत असेल, तर त्याच्या सलाईनमध्ये थेंबाथेंबाने जाणाऱ्या औषधाचं मूळ त्याच्या घरापासून दोनेक तासांवरच्या घाटात उभं असू शकतं. हे वाचायला छान वाटतं. त्या झाडासाठी मात्र ही चांगली बातमी नव्हती.

झाड कसं संपतं?

हे रेणू प्रयोगशाळेत शून्यापासून बनवता येतात, ते १९७० च्या दशकापासून जमलेलं आहे. पण ते किचकट आणि खर्चिक. झाडातून कॅम्पटोथेसिन काढायचं आणि त्यावर पुढची प्रक्रिया करायची, हा स्वस्त रस्ता. म्हणून कच्च्या मालाला गिऱ्हाईक आहे.

आता गावातलं चित्र पाहा. जंगलातून माल आणून देणाऱ्याला किलोमागे काही रुपये मिळतात. त्याला बहुतेकदा माहीत नसतं की हे कशाला लागतं. ‘औषधी लाकूड आहे’ एवढंच सांगितलेलं असतं. किलोवर पैसे असल्याने त्याचा हिशोब साधा असतो, जेवढं वजन तेवढा रोज. मग फांदी तोडून झाड राखण्यात त्याला काय मिळणार? झाड बुंध्याशी तोडलं जातं. मुळात औषध जास्त म्हणून मूळही खणून काढलं जातं. तुकडे करून वाळवले, पोत्यात भरले की ते कसलं लाकूड आहे हे भल्याभल्यांना ओळखता येत नाही. सागाचा ओंडका चेकनाक्यावर लगेच कळतो. नरक्याच्या ढलप्या सरपणासारख्या दिसतात.

नुसतं तोडलं तर नरक्या बुंध्यापासून पुन्हा फुटतो. मूळच गेलं तर प्रश्नच मिटला. शिवाय या झाडात बहुतांशी नर आणि मादी वेगवेगळे असतात. एखाद्या टेकाडावरची दहापैकी सात झाडं गेली आणि उरलेली तीन एकाच लिंगाची निघाली, तर झाडं डोळ्यांना दिसतील, पण बी धरणार नाही. जंगल हिरवं दिसतं आणि आतून वांझ होतं. नरक्याची गणना आज असुरक्षित प्रजातींमध्ये होते त्यामागे ही कारणं आहेत.

झाडाची साल काढणं म्हणजे झाड मारणं असं नाही, हे कोकणाला वेगळं सांगायला नको. सिंधुदुर्गात नारळ-सुपारीच्या बागेत दालचिनी लावणारे आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात प्रसिद्ध आहे. दालचिनीत काय करतात? झाड खाली छाटतात, त्याला धुमारे फुटू देतात, ते जोगते झाले की कापून त्यांची साल सोलतात. बुंधा तसाच, पुढचे धुमारे तयार. तेच झाड वर्षानुवर्षं साल देत राहतं.

चीननेही हे केलंय. तिकडच्या पारंपरिक औषधात सालींना मोठा मान. दालचिनीची भावकी ‘रौ ग्वेई’, मॅग्नोलियाची साल ‘होऊ पो’, आणि ‘दू झोंग’. साल ओरबाडल्याने होऊ पोची जंगली झाडं इतकी कमी झाली की त्यांना सरकारी संरक्षण द्यावं लागलं. दू झोंगच्या बाबतीत मात्र तिथल्या शास्त्रज्ञांनी एक पद्धत बसवली. ठरावीक हंगामात, आतल्या ओल्या थराला धक्का न लावता साल काढायची आणि तो भाग झाकून ठेवायचा. झाड नवी साल धरतं. आणि ज्या शी शूपासून ही गोष्ट सुरू झाली, त्याच्या कोवळ्या पानांतही कॅम्पटोथेसिन भरपूर असतं हे पुढे लक्षात आलं. पानं खुडली तर झाड मरत नाही.

आपल्याकडेही संशोधन झालंय. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या नरक्यात औषधाचं प्रमाण मोजलं, ऊतीसंवर्धनाचे प्रयोग केले. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी तर कमालच केली. सातारा भागातल्या घाटातल्या नरक्याच्या आतल्या सालीत राहणारी एक बुरशी त्यांनी वेगळी केली, आणि ती बुरशी स्वतःच कॅम्पटोथेसिन बनवत होती. झाडाला हात न लावता टाकीत बुरशी वाढवायची आणि औषध काढायचं, असं स्वप्न दिसायला लागलं. अडचण अशी निघाली की अशा बुरश्या झाडाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की औषध बनवण्याची त्यांची ताकद कमी होत जाते. काम सुरू आहे, पण तेवढ्यावर कारखाने उभे राहिलेले नाहीत.

मग कायदा काय करतो?

राखीव जंगलातून नरक्या तोडला तर भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. माल जप्त, गाडी जप्त, गुन्हा दाखल. इथपर्यंत सरळ आहे.

सिंधुदुर्गाची खरी मेख जमिनीत आहे. इथलं बरंच जंगल खासगी मालकीचं. आंबोली, गेळे, चौकुळमध्ये तर कबुलायतदार गावकर जमिनींचा तिढा इतकी वर्षं चाललाय की कुठली जमीन कुणाची हाच प्रश्न. मालकी जागेतल्या झाडांसाठी राज्याचा १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. पण तो घडला तेव्हा डोळ्यांसमोर साग, खैर, आंबा, फणस, हिरडा अशी झाडं होती. नरक्याची किंमत १९६४ मध्ये जगात कुणालाच माहीत नव्हती, कॅम्पटोथेसिनच दोन वर्षांनी जाहीर झालं.

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीवर बंदी घातली, तिलारीला २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. याचा फायदा नरक्यालाही होतो. पण ही बंदी प्रामुख्याने डोंगरच्या डोंगर साफ करणाऱ्या तोडीवर नजर ठेवून आहे. इथे दोन, तिथे चार अशी जाणारी खुरटी झाडं त्यात दिसत नाहीत.

तिसरा कायदा जैवविविधतेचा, २००२ चा. व्यापारासाठी जैविक संसाधन घेणाऱ्या देशी कंपनीने राज्याच्या मंडळाला आधी कळवायचं, परदेशी कंपनीने राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी घ्यायची, आणि मिळणाऱ्या फायद्यातला वाटा जिथून ते आलं त्या गावाच्या समितीपर्यंत पोचायचा. कागदावर याच्याइतकं न्याय्य काही नाही. २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२४ पासून ती लागू आहे. तुरुंगवासाची तरतूद जाऊन १ लाख ते ५० लाख रुपयांचा दंड आला. लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना मूळ ठिकाणाच्या प्रमाणपत्रावर सवलत मिळाली.

ही सवलत दुधारी आहे. लागवडीला चालना मिळाली तर जंगलावरचा भार कमी होईल, हे खरं. पण वाळलेल्या ढलप्यांचं पोतं बघून ते शेतातलं की जंगलातलं हे सांगता येत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्याने शेतात जाऊन झाडं मोजली नाहीत, तर जंगलातला माल शेतातल्या कागदावर निघून जाईल. माझ्या मते दंडाच्या आकड्यापेक्षा या एका गोष्टीवर नरक्याचं भवितव्य जास्त अवलंबून आहे.

आणि ते व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड?

नरक्याला काही ठिकाणी ‘अमृता’ असंही म्हणतात. नरक आणि अमृत, एकाच झाडाची दोन नावं. घोळ असा की आयुर्वेदात अमृता म्हणजे गुळवेल. दोन्हींचा काहीही संबंध नाही. गुळवेल वेल, नरक्या झाड. उद्या कुणी ‘अमृताची साल उकळून प्या, कॅन्सर बरा होतो’ असं पाठवलं, तर यातली कुठली अमृता हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसेल.

नरक्याची साल उकळून पिणं तर सरळ धोक्याचं. कॅम्पटोथेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे काढ्यात किती उतरलं याचा भरवसा नाही. कमी उतरलं तर उपयोग शून्य. जास्त उतरलं तर जे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीही रुग्णांना झेपलं नव्हतं म्हणून चाचण्या थांबवल्या, तेच तुम्ही घरच्या टोपात घेताय. दवाखान्यात इरिनोटेकान देताना आधी रक्त तपासतात, डोस मोजतात, आणि काही जणांच्या शरीरात ते जनुकीय कारणाने साठून राहतं म्हणून त्यांना कमी देतात. काढ्यात यातलं काहीच होत नाही. आणि केमो सुरू असताना वर हा काढा घेतला, तर डॉक्टरला कळणारही नाही की रक्तपेशी अचानक का घसरल्या.

दुसरी गोष्ट, जंगलात फिरणाऱ्यांसाठी. नरक्याचा फोटो काढा, वास घेऊन बघा हवं तर. पण रील टाकताना नेमकी जागा टाकू नका. गावचं नाव आणि ‘दुर्मिळ कॅन्सरचं झाड’ अशी ओळ, एवढ्यावर शोधणाऱ्याचं अर्धं काम होतं. तोड होताना किंवा पोती भरताना दिसली तर वन खात्याची टोल फ्री हेल्पलाइन १९२६.

आणि गावात राहत असाल तर ग्रामपंचायतीत जाऊन लोकजैवविविधता नोंदवही मागा. कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि ही नोंदवही असायलाच हवी. त्यात नरक्या कुठल्या नावाने लिहिलाय ते बघा. नरक्या, अमृता की आणखी काही. लिहिलेलाच नसेल तर तो लिहून घ्या, कारण उद्या कुठल्या कंपनीने फायद्यातला वाटा द्यायचं ठरवलं, तर तुमच्या गावाच्या हातात दाखवायला तेवढाच कागद असेल.